जुहूच्या शंभरीआधी उपनगरातल्या धावपट्ट्यांची नोंद करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा,
मा. कार्यकारी संपादक, दर्शनिका (गॅझेटियर) विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे जुहू येथील अधिकारी यांस,

विषय : मुंबई उपनगर जिल्ह्यातील विमानतळांचा इतिहास जिल्ह्याचा दस्तऐवज म्हणून सिद्ध करण्याबाबत.

स.न.वि.वि.

जुहूचे विमानतळ १९२८ साली सुरू झाले. देशातले नागरी उड्डाणांसाठीचे ते पहिले विमानतळ, आणि २०२८ मध्ये त्याला शंभर वर्षे पुरी होत आहेत. त्या वर्षी मांडव पडेल, फीत कापली जाईल, स्मरणिका निघेल. हे सारे अवश्य व्हावे. माझी विनंती मात्र त्याआधी करायच्या कामाची आहे. या जिल्ह्यात कोणकोणत्या जमिनींवर विमाने उतरली, त्या जमिनी कोणाच्या होत्या, धावपट्ट्या कोणी बांधल्या, कोणी चालवल्या आणि कोणाकडून कोणाकडे गेल्या, याचा एकसंध, कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला मराठी इतिहास जिल्ह्याने आपला म्हणून तयार करावा, यासाठी हे पत्र मी आपणा तिघांना एकत्र आणि सर्वांच्या देखत लिहीत आहे. तिघांना एकत्र अशासाठी की जमिनीचे दप्तर एकाकडे आहे, इतिहास लिहिण्याचे काम दुसऱ्याचे आहे आणि प्रत्यक्ष मैदान तिसऱ्याच्या ताब्यात आहे.

मी विलेपार्ल्यात वाढले आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहास शिकवला. माझे वडील १९५६ पासून जुहूच्या एका हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये, फिटर होते. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मुंबई शहर व बेटाचे गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, १९०९-१० साली छापले गेले, आणि भारतात टपाल घेऊन पहिले विमान उडाले ते त्यानंतर, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादला. म्हणून जुन्या गॅझेटियरांत या विमानतळांविषयी काही सापडणार नाही. साष्टीच्या या भागाची जुनी माहिती ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. तिथे मिठागरे आहेत, ताडीची झाडे आहेत, भाताची खाचरे आहेत. उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला, पुढे बृहन्मुंबईत मिसळला आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. जुहूचे मैदान आणि सांताक्रूझच्या धावपट्ट्या घडल्या त्या नेमक्या या मधल्या काळात, म्हणजे जिल्ह्याचेच अस्तित्व जात-येत होते त्या काळात. जिल्ह्याने आपल्या विमानतळांची कथा स्वतः सांगितली नाही, याचे एक कारण मला हेच वाटते.

आता जुहूविषयी. ही जागा मुळात समुद्रालगतची सखल, चिखलाची जमीन. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापनाही १९२८ चीच. हा क्लब म्हणजे हौशी आणि होतकरू वैमानिकांची खाजगी संस्था, आणि सार्वजनिक मैदानावर खाजगी उद्योगाने उभे राहायचे ही या जिल्ह्यातली रीत तिथून सुरू झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, ते एका इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन सकाळी कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजने आणलेले टपाल त्यांच्याजवळ होते. जुहूहून टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, आणि जुहूला टाटांच्या हवाई सेवेचे कार्यालय होते झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने एक लाख साठ हजार मैल अंतर कापले, १५५ उतारू नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळवला.

पावसाळ्यातली व्यवस्था फारशी कोणाला ठाऊक नसते. जुहूचे मैदान पावसात पाण्याखाली जाई, म्हणून दरवर्षी मृगाच्या सुमारास सगळे बिऱ्हाड पुण्याला हलत असे. दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, एवढाच पसारा. तिकडे येरवड्याच्या तुरुंगाजवळचे एक मैदान त्यांना वापरायला मिळे, आणि पावसाळा सरला की मंडळी परत जुहूला येत. म्हणजे टाटांची ही हवाई टपालसेवा चातुर्मासात स्थलांतर करीत होती. वडिलांच्या वेळी विमाने हलवावी लागत नसत, पण त्यांच्या वहीत पावसाळ्याच्या कित्येक दिवसांपुढे नुसती आडवी रेघ आहे. मैदानात पाणी आणि उड्डाण बंद, असा त्या रेघेचा अर्थ ते सांगत. इर्ला नाला आजही मैदानाच्या भिंतीलगत वाहतो आणि जुहूच्या रस्त्यांवर पाणी साचते तेव्हा मला त्या रेघा आठवतात.

वडिलांचे काम विमानांच्या पंखांचे होते. शिकाऊ विमानांचे पंख तेव्हा कापडाचे असत. आधी टायगर मॉथचे, पुढे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेल्या पुष्पकचे. लाकडी किंवा धातूच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवायचे, शिवायचे, शिवणीवर कातरलेल्या कडांची पट्टी चिकटवायची आणि मग डोप नावाचे रोगण हातावर हात देत चढवायचे. प्रत्येक हात वाळला की कापड आणखी आवळते. काम नीट जमले की नाही हे वडील पंखावर बोटाने टिचकी मारून ठरवत. डफासारखा आवाज आला पाहिजे, आवाज बसका आला तर पुन्हा पहिल्यापासून. तो उग्र वास त्यांच्या सदऱ्याला इतका मुरलेला असे की आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची. जुहूचा खारा वारा हा या कामाचा कायमचा वैरी होता. तारांना गंज चढे, म्हणून संध्याकाळी विमाने आत घेतल्यावर ती गोड्या पाण्याने धुवून, पुसून, मगच दरवाजे ओढले जात. हे काम करणारी शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे आजवर कोणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सांताक्रूझची कथा निराळी आहे, कारण ती युद्धातून निघाली. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने जुहूपेक्षा पुष्कळ मोठे, सुमारे दीड हजार एकरांचे मैदान तिथे तयार केले. सुरुवातीला त्यावर तीन धावपट्ट्या होत्या. युद्ध संपल्यावर १९४६ च्या सुमारास ते नागरी वापरासाठी सोपवायला सुरुवात झाली, तेव्हा सोडून दिलेल्या दोन लष्करी हँगरांनाच उतारूंच्या इमारतीचे रूप देण्यात आले, एकात देशांतर्गत आणि दुसऱ्यात परदेशी वाहतूक. पहिल्या वर्षी दिवसाला सहा नागरी सेवा होत्या. फाळणीत कराची पाकिस्तानात गेली आणि पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांचे भारतातले दार मुंबई झाले; १९४९ पर्यंत रोजच्या सेवा चाळीसवर पोचल्या. नव्या इमारतीचे काम १९५० मध्ये सुरू झाले आणि ती १९५८ साली वापरात आली. १९७९ साली सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागली. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहारची इमारत उभी राहिली आणि पार्लेकरांच्या बोलण्यात सांताक्रूझ म्हणजे देशातले व सहार म्हणजे परदेशचे अशी वाटणी रूढ झाली, ती अजूनही जात नाही.

दोन मैदाने एवढी जवळ असल्याचा परिणाम दोनदा जगाने पाहिला. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, दहाने भागलेली. जुहूच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०८, सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९. म्हणजे दोन्ही जवळपास समांतर, आणि समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसणार जुहू. १५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश हवाई कंपनीचे कॉमेट जेट चुकून जुहूला उतरले आणि सुमारे नऊ दिवसांनी तिथून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. जुहूची ती धावपट्टी जेमतेम ११४३ मीटर लांब. विमान तिच्या टोकाशी थांबू शकले नाही. मी तेव्हा तिसरीत होते. वडील मला दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, ते मौज दाखवायला नव्हे. भिंतीबाहेरच्या गर्दीत उभे राहून त्यांनी मला जुहूची पट्टी हाताने आखून दाखवली आणि तेवढे मोठे विमान थांबायला किती जागा लागते ते सांगितले. दिशा आणि अंतर या गोष्टी भूगोलाच्या पुस्तकात शिकण्यापूर्वी मी तिथे शिकले.

या इतिहासाची दुसरी बाजू जमिनीची आहे आणि ती मांडायला मला वैमानिकांच्या कथांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. धावपट्ट्या मोकळ्या माळावर आल्या नाहीत. कोले कल्याण, बामणवाडा, सहार, चकाला, मरोळ ही सारी जुनी गावे आहेत. त्यांत शेती होती, विहिरी होत्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरे आणि क्रूस होते, कुणब्यांची आणि आगऱ्यांची खाचरे होती. विमानतळ वाढत गेले तशी ही गावे आक्रसत गेली. कलिना हे नाव आता सर्वांच्या तोंडी आहे, कोले कल्याण मात्र सातबारा आणि मिळकत पत्रिका यांच्यापुरते उरले आहे. कोणत्या टप्प्यात किती जमीन घेतली गेली, कोणत्या कायद्याखाली, किती मोबदल्यावर, याचे निवाडे आणि नकाशे महसुली दप्तरात असणारच. मी स्वतः असा एक जुना नकाशा पाहायला मिळावा म्हणून एका कार्यालयात आठ महिने खेटे घातले. अर्ज दिला, पोच घेतली, खिडकी बदलली, साहेब बदलले, आणि शेवटी नकाशा जीर्ण असल्यामुळे दाखवता येत नाही असे तोंडी उत्तर मिळाले. जीर्ण आहे म्हणूनच त्याची प्रत आज काढून ठेवायला हवी, एवढेच मी तेव्हा म्हणाले आणि तेच इथे पुन्हा म्हणते.

आणि पाण्याची बाजू. मिठी नदी विमानतळाच्या आवारातून, धावपट्टीखालून जाते. तिचे पात्र विमानतळाच्या वाढीबरोबर वळवले आणि अरुंद केले गेले. २६ जुलै २००५ च्या पावसाचा ९४४ मिलिमीटर हा आकडा महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही. तो मोजला गेला सांताक्रूझच्या वेधशाळेत. उपनगरातल्या पावसाची नोंद आपण कित्येक दशके सांताक्रूझच्या नावाने वाचत आलो आहोत. त्याच प्रलयात विमानतळही पाण्याखाली जाऊन बंद पडला. नदी कोणत्या वर्षी कुठे वळली आणि कोणत्या विस्तारासाठी, हे नकाशांच्या थरांतून दाखवता आले तर तो नुसता इतिहास राहणार नाही, पर्जन्यजलवाहिन्यांचे काम करणाऱ्या अभियंत्यालाही त्याचा उपयोग होईल.

माझी खरी काळजी हस्तांतरांची आहे. सांताक्रूझचे मैदान हवाई दलाकडून नागरी विमान वाहतूक खात्याकडे आले, मग १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे, १ एप्रिल १९९५ पासून एकत्रित भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, २००६ मध्ये खाजगी भागीदारीतल्या कंपनीकडे, आणि २०२१ मध्ये त्या कंपनीचेही व्यवस्थापन बदलले. टाटांची खाजगी हवाई कंपनी १९४६ साली एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. खाजगीतून सरकारी आणि सरकारीतून खाजगी असा हा प्रवास चांगला की वाईट, यावर माझे मत आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. प्रत्येक हस्तांतरात इमारती, यंत्रे, येणी-देणी यांची यादी होते आणि त्यावर सह्या होतात. धावपट्टीचे जुने आराखडे, हजेरीपट, देखभालीच्या नोंदवह्या, छायाचित्रांचे आल्बम यांची यादी कोण करतो? कंपनीला ते जपण्याची सक्ती नाही, आणि नव्या मालकाला जुन्या कपाटाची ओळख नसते. जमीन मात्र जिल्ह्यातच राहते. म्हणून ही राखणदारी जिल्ह्याने घ्यावी.

जुहूची स्थिती त्याहून नाजूक आहे. मैदान अजून विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. तिथून आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागले आणि त्यानंतर समुद्रातल्या फलाटांवर माणसे ने-आण करण्याचे काम वाढत गेले, पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीचा तळ इथे आहे. फ्लाइंग क्लबचे शिक्षण धुळ्याला गेले. चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत, आणि धावपट्टी समुद्रावर वाढवण्याचाही प्रस्ताव मध्यंतरी होता. शहराला जागा हवी आहे हे मला समजते. रायगड जिल्ह्यात नवी मुंबईचे विमानतळ आल्यावर उपनगरातल्या मैदानांच्या उपयोगाची चर्चा पुन्हा होणार, हेही दिसते. उद्या जुहूचे काय करायचे ते ठरवणारे ठरवतील, पण ते ठरवताना त्यांच्यापुढे या जागेची पुरी हकीकत असली पाहिजे. एखादा जुना हँगर पाडायचा झालाच तर त्याआधी त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि तो कधी, कशाने, कोणासाठी बांधला याचा कागद तयार असावा, एवढे तरी २०२८ पूर्वी अवघड नाही.

या जागेवर लोकांचे प्रेम आहे, याचे पुरावे कमी नाहीत. १९६२ साली आणि पुन्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. टाटांनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते जुहू हे उड्डाण पुन्हा केले. दुसऱ्या वेळी त्यांचे वय ७८ होते. त्या दिवशी वडील निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. विमान उतरताना पाहून ते घरी आले आणि पंखाचे कापड चांगले ताणलेले होते, एवढेच बोलले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्याच आरोही पंडित या तरुण वैमानिकेने छोट्या विमानातून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला येऊन त्या पहिल्या उड्डाणाला मानवंदना दिली. अशा प्रसंगी बातम्या येतात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी जुहू-तारा रस्त्याने जाणाऱ्या मुलाला त्या भिंतीआड काय घडले हे सांगणारे काही उरत नाही.

म्हणून विनंती अशी की, जिल्हाधिकारी कार्यालयाने विमानतळांसाठी झालेल्या भूसंपादनाचे निवाडे व नकाशे शोधून त्यांच्या प्रती अभ्यासकांना खुल्या कराव्यात. दर्शनिका विभागाने मुंबई उपनगर जिल्ह्याच्या विमानतळांवर एक स्वतंत्र पुस्तिका मराठीत सिद्ध करावी, आणि तिच्यात वैमानिकांइतकीच जागा फिटर, सुतार, शिंपी, रोगणकाम करणारे, वेधशाळेतले नोंदकार आणि जमीन गेलेली कुटुंबे यांना द्यावी. विमानतळ प्राधिकरणाने जुहूच्या दारावर, सुरक्षेच्या रेषेबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला उभे राहून वाचता येईल असा एक मराठी फलक लावावा. वृद्ध कामगारांच्या मुलाखतींना मात्र पुस्तिकेच्या मंजुरीची वाट पाहू नये. त्यासाठी एक माणूस, एक ध्वनिमुद्रक आणि पार्ले-अंधेरी-सांताक्रूझच्या चाळी व वसाहतींतून पत्ते जमवण्याची चिकाटी पुरेशी आहे. हे काम मी आणि माझे काही माजी विद्यार्थी विनामोबदला करायला तयार आहोत. आम्हाला आपल्या कार्यालयाचे एक ओळखपत्र आणि मुद्रणे जतन करायला जागा हवी.

वडिलांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, १९५६ ते १९७१ या काळातल्या. पाने पिवळी पडली आहेत, एका वहीची शिवण उसवली आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. त्यांत पंखांची मापे आहेत, डोपच्या डब्यांचे हिशेब आहेत आणि पावसाळ्यातल्या त्या आडव्या रेघा आहेत. आपण सांगाल त्या दिवशी आणि सांगाल त्या कार्यालयात त्या मी स्वतः आणून देईन. पोच मात्र लेखी घेईन.

कळावे,

आपली विश्वासू,
विलेपार्ले येथील एक निवृत्त शिक्षिका